छत्र्यांची निर्यात

पाहुणा यायला थोडाच अवकाश होता आणि छत्रीवाला दारापाशी येरझाऱ्या घालत होता. परदेशी पाहुण्याची त्याला भीती नव्हती. भीती होती ती सासऱ्यांची. बायकोने हौसेने बापालाही बोलावून ठेवलं होतं.

कारखाना सासऱ्यांनी उभा केलेला. शेजारच्या देशाशी मुक्त व्यापाराचा करार झाला, जकात उठली, आणि तिकडची छत्री इथे बनवण्यापेक्षा स्वस्त पडू लागली. जावयाने गुपचूप यंत्रं भंगारात काढली. आता एक दलाल तिकडच्या छत्र्या आणून द्यायचा, कामगार त्यांवर इथलं लेबल डकवायचे आणि तोच दलाल त्या परदेशी पाठवायला घेऊन जायचा. निर्यात इतकी वाढली, की व्यापार खात्याने देशाची प्रगती दाखवायला नेमका हाच कारखाना निवडला.

खात्याचे अधिकारी पाहुण्याला घेऊन आले. पाहुणाही तिकडचा छत्री कारखानदारच. सासरे आधीच आत शिरून इकडेतिकडे बघत होते.

"जावईबापू, यंत्रं दिसत नाहीत ती?"

"दुरुस्तीला गेलीत, बाबा."

"सगळी?"

"एकदमच बिघडली ना!"

बोलता बोलता त्याला स्वतःचीच शरम वाटली. विषय बदलायला त्याने एक छत्री उचलून फाडकन उघडली. "बघा, काय माल आहे!"

माल छानच होता. फक्त छत्री मिटेना. त्याने खटका दाबला, दांडा गुडघ्यांत धरून ओढला, शेवटी तो स्वतःच छत्रीत अडकला. पाहुणा मदतीला धावला. त्या झटापटीत लेबल उचकटलं आणि खाली पाहुण्याचं लेबल दिसलं.

जावयाचे कान तापले. पण ते लेबल झाकायची घाई पाहुण्यालाच झाली होती. घाईत तेही निघालं. त्याखाली पुन्हा जावयाचं!

"आमचीही यंत्रं गेली," पाहुणा मान खाली घालून पुटपुटला. "तुमचा माल स्वस्त पडायला लागला. एक दलाल आणून देतो."

"टकला? गोडबोल्या?" जावयाने विचारलं.

"तोच."

"म्हणजे दोन्हीकडची निर्यात वाढतेय!" अधिकारी उद्गारले. "उत्तम!"

जावयाने सासऱ्यांचे पाय धरले. "चुकलो, बाबा. यंत्रं विकून टाकली मी. तुमच्या कष्टांची माती केली."

सासऱ्यांचं लक्ष छत्रीकडे होतं. ते नखाने लेबलं खरवडत होते. सगळ्यात खाली त्यांच्या काळातलं लेबल निघालं.

"माझ्याच कारखान्यातली ही," ते हळूच म्हणाले. "नाहीच मिटायची. माझ्या शेवटच्या खेपेत खटके उलटे बसले होते. म्हटलं, परदेशातून कोण येतंय तक्रार करायला? दिली पाठवून."

तिघंही खाली बघत उभे राहिले. जावयाला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. उलट त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या काळात एकही छत्री उघडून बघायचं त्याला सुचलं नव्हतं.

अधिकारी तेवढे खुशीत होते. "मग," त्यांनी विचारलं, "पुढची खेप कधी पाठवताय?"