बिनवजनाचं गांडूळ

शुभांगी गावातल्या दुकानातून सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन परत आली, डाळीचा कुकर गॅसवर चढवला, शिटी लावायला हात पुढे केला आणि हात तसाच राहिला. शिटी ओट्यावर नव्हती. भांड्यांच्या टोपलीत नव्हती. तिनं कांद्याबटाट्यांतसुद्धा पाहिलं.

"बाबा, कुकरची शिटी पाहिली का?"

ती ओसरीत आली. दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या आणि मधल्या स्टुलावर रबरी गांडुळांचं पाकीट उघडं पडलं होतं. शुभांगीनं कपाळाला हात लावला, कारण ते पाकीट तिनंच बाहेर काढायला लावलं होतं.

पुंडलिकमामा आईला, आपल्या थोरल्या बहिणीला, बाई म्हणायचा. तिच्या तेरवीला तो पंगतीत म्हणाला होता, "वेळेवर नागपूरले नेलं असतं तं माही बाई आज असती." शुभांगीचे वडील भैयाजी खाली बघून वाढत राहिले. मामा भरल्या ताटावरून उठला आणि कोंढ्याला, आपल्या गावी निघून गेला. त्यानंतर तो इथे आंबागडला फिरकला नव्हता. भैयाजी एकटेच राहत. दर रविवारी शुभांगी भंडाऱ्याहून बसनं यायची, दोन वेळचा स्वयंपाक करायची आणि जाताना दारात उभ्या असलेल्या वडिलांकडे मागे वळून बघायचं टाळायची. शेवटी तिनं मामाला फोन केला, गयावया केली, आणि आज मामा जेवायला आला. त्यानं या घरात चार घास खाल्ले की बाकीचं आपोआप होईल, असा तिचा हिशोब होता.

पण ओसरीत दोघं बसले ते तोंडं शिवल्यासारखे. एक जण रस्त्याकडे बघत होता, दुसरा त्याच रस्त्याकडे. ती शांतता सहन होईना म्हणून ती म्हणाली होती, "बाबा, मामाले तुमचे रबराचे किडे दाखवा ना." भैयाजी अलीकडे मोबाईलवर परदेशातले मासेमार बघून अशी गांडुळं मागवत असत. मामानं एक हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "याले वजन कुठं हाये?" त्यांच्यातलं तेरवीनंतरचं ते पहिलं वाक्य. शुभांगी खूष होऊन सांबार आणायला गेली होती.

आता तिला घरामागच्या बोडीवरून, त्या लहानशा तळ्यावरून, आवाज ऐकू येत होते.

"वजन लावलं का थे गोट्यावानी खाली जाते," भैयाजी म्हणत होते. "मरळ मासोळी वरते येते श्वास घ्यायले. तिच्या तोंडापुढं हळूच पडलं पायजे."

"वरते येते थे तोंड दाखवाले. खाते खालीच, चिखलात. अन् तुमचं गांडूळ पाण्यात पडते कुठं? तीनदा टाकलं, तीनदा पाळीवरच आलं."

"वारा हाये."

"वारा हाये मनूनच वजन पायजे."

शुभांगी बोडीच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, चढली तेव्हा मामा गळाची काठी मागे नेत होता. गरीच्या आकड्याला रबरी गांडूळ लोंबत होतं आणि त्याच्या वर, तंगुसाच्या दोऱ्याला पक्की गाठ मारून, कुकरची शिटी बांधलेली होती.

"मामा, थांबा," ती ओरडली.

शिटी उन्हात चमकून शिंगाड्याच्या वेलांमध्ये बुडाली. मामानं काठीला झटका दिला. काठी वाकली.

"लागली," मामा म्हणाला.

"वेल लागला," भैयाजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान शुभांगीनं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. इतर कुठल्याही दिवशी तिला ते आवडलं असतं.

मामा पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला. दुमडण्याचा उपयोग झाला नाही, कारण तिसऱ्या पावलाला तो कमरेपर्यंत गेला. त्यानं वेल ओढला, तंगूस ओढला, आणि तुटका तंगूस हातात घेऊन बाहेर आला.

"मामा, थे शिटी होती. डाळ शिजाची हाये."

"गळाले लावाले शिसं नव्हतं घरात," मामा म्हणाला, जणू चूक घराची होती.

आता शेजारच्या कुंताबाईंची शिटी मागण्यावाचून इलाज नव्हता. कुंताबाई अंगणातच होत्या, काखेत एक लाल कोंबडी धरून.

"काकू, जरा तुमची शिटी द्या ना."

"शिटी? तुह्या बापानं माह्या कोंबडीले रबर खाऊ घातलं, अन् तुले शिटी देऊ?"

"कोणतं रबर?"

"थे किडा. लांबोडा. आंगणात फेकून फेकून दाखवत होता मामाले, कसा वळवळते मनून. कोंबडीनं गिळला. मी इकडून ओरडून राहिली, तं तुहा बाप कसा हासून राहिला."

"गरी होती का त्याले?"

"गरी नव्हती मनूनच तं तू उभी हायेस माह्या आंगणात."

शुभांगी हात हलवत परत आली. भैयाजी ओसरीत होते. मामा त्यांची लुंगी गुंडाळून बसला होता आणि त्याची पॅन्ट तारेवर गळत होती.

"बाबा, कोंबडीनं गांडूळ गिळलं?"

"गिळलं ना," भैयाजी म्हणाले. "बिनवजनाचं होतं मनून गिळलं. हेच तं मी याले सांगून राहिलो."

"कोंबडी पाण्यात राहते का भाऊजी?" मामा उभा राहिला. "तुमाले सांगून उपयोग नाही. तुमी कोनाचं आयकत नाही. माह्या बाईचंबी कधी आयकलं नाही. मी जातो."

शुभांगीला वाटलं, संपलं. मामा पुन्हा न जेवता जाणार, आणि यावेळी एका रबराच्या किड्यापायी.

भैयाजी पाकिटातलं एक गांडूळ बोटांत घेऊन बसले होते. "थे बी वजनवालंच मने," ते म्हणाले.

"कोन?"

"तुही बाई. पहिलं पाकीट आलं तवा पाळीवर येऊन बसाची माह्यासंग. मने, वाऱ्यानं जाते जी, काहीतरी बांधा त्याले."

मामा उभाच होता. "मंग बांधलं काहून नाही?"

"बांधतो मनलं होतं."

मामानं नाक शिंकरलं, लुंगी सावरली आणि पुन्हा खुर्चीत बसला. "शुभी, वाढ वं," तो म्हणाला.

"डाळ कच्ची हाये मामा."

"वाढ."

डाळ खरोखर कच्ची होती. शुभांगीनं ती उघड्या पातेल्यात उकळायला ठेवली होती, पण या दोघांना धीर नव्हता. मामा भातावर घेऊन दाणा दाणा चावत राहिला. त्यानं दोनदा डाळ मागितली आणि दोन्ही वेळा तिला नावं ठेवली. जेवताना विषय एकच होता. आईनं 'काहीतरी बांधा' म्हटलं म्हणजे नेमकं किती वजनाचं, यावर दोघांचं जमेना.

संध्याकाळी मामा लुंगीवरच मोटरसायकलवर बसला.

"पॅन्ट वाळू द्या. पुढच्या आइतवारी नेतो. अन् शिसं घेऊन येतो."

"शिसं आणू नोको. बिनवजनाचंच टाकीन मी."

"टाका. मी पाहातो."

थोड्या वेळानं शुभांगीही निघाली. तिचं डोकं ठणकत होतं. नवी शिटी आणायची होती, कुंताबाईंची समजूत घालायची होती. भैयाजी तिला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. एरवी ते दारातच थांबत.

"पुढच्या आइतवारी येशील?" त्यांनी विचारलं.

"येतेच ना बाबा. दर आइतवारी येते."

"नाही, काम असंन तं नोको येऊ. पुंडलिक येऊन राहिला."

"मग?"

"आमाले सकाळपासून पाळीवर बसाचं हाये. तू मधातच जेवाले बोलावतेस."

शुभांगीनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. किती बसा, किती रविवार, तो फोन आणि ती गयावया, सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. ती चालत राहिली. भैयाजींना ते कळलंही नाही. त्यांनी एक बोट थुंकीनं ओलं केलं होतं आणि ते वर धरून, वारा कुठल्या बाजूचा आहे ते बघत ते तिच्यासोबत चालत होते.