ज्येष्ठतेनुसार कप्पा पहिला

कप्पा पहिला

घरातली जुनी हार्ड डिस्क टकटक करू लागल्याची अधिकृत दखल रविवारी सकाळी चहाच्या वेळी घेण्यात आली. अनधिकृतपणे ती बरेच दिवस टकटकत होती. पण तोवर सगळा संशय भिंतीवरच्या घड्याळावर होता, आणि त्याचा सेल उगाचच दोनदा बदलून झाला होता.

ही डिस्क म्हणजे जुना संगणक भंगारात गेला तेव्हा त्याच्या पोटातून काढून, वेगळ्या वायरीने विजेला जोडून ठेवलेला अवयव. तिच्यात घराचे फोटो होते, जुनी बिलं होती, आणि एक छोटा व्हिडिओ होता. बायकोची आई कॅमेरा दिसला की तोंडासमोर हात धरायची. पण नात पहिल्यांदा चालली, त्या दिवशी ती कॅमेऱ्याचं भान विसरली आणि टाळ्या पिटत खदखदून हसली. आई गेल्यावर तिच्या आवाजाची जगात तेवढीच एक खूण उरली होती.

"अहो, आज दुपारी तेवढी फाइल उतरवून घेऊ या," बायको म्हणाली. "पेन ड्राइव्हवर सहज मावेल."

गृहस्थ एका मोठ्या कार्यालयाचे भांडारप्रमुख होते. त्यांच्या हातून टाचणीसुद्धा तीन दरपत्रकांशिवाय विकत घेतली गेली नव्हती.

"पेन ड्राइव्ह ही तात्पुरती सोय झाली," ते म्हणाले. "तात्पुरती सोय झाली की कायमची सोय बारगळते. घ्यायचा तर चांगला अनेक कप्प्यांचा खोका घेऊ. सगळ्या डिस्क एका जागी, एकीची प्रत दुसरीत."

"घ्या की. पण तोवर—"

"तोवर तिला कुणीही हात लावायचा नाही."

भांडारात माल वादात सापडला की त्याला सील लागतं. भांडारप्रमुखांनी डिस्कभोवती कागदाची पट्टी चिकटवली आणि जोडावर सही केली. वादातला माल आहे त्या स्थितीत ठेवायचा असतो, म्हणून सीलबंद डिस्क चालू वायरीसकट कपाटात गेली.

कप्पा दुसरा

खोका किती कप्प्यांचा असावा, यावर जेवणाच्या टेबलावर बैठक झाली.

"दोन पुरेत," मुलगी म्हणाली. ती कॉलेजात संगणकच शिकत होती, त्यामुळे तिचं मत पक्षपाती समजण्यात आलं. "एक डिस्क गेली तरी दुसरी असते, बाबा."

"आणि दोन्ही गेल्या तर?"

"मग चार घ्या."

"खोकाच गेला तर?"

"दुसरा खोका दुसऱ्या घरात ठेवायचा."

"आणि दोन्ही घरं गेली तर?"

"भाऊजी," मेहुणा भात कालवत म्हणाला, "मग फोटो बघायला उरणार कोण?"

हा शेरा विषयाला धरून नसल्याने वगळण्यात आला.

हा मेहुणा नोकरी बदलायच्या मधल्या काळात बहिणीकडे राहायला आला होता. मधला काळ संपत नव्हता. त्याने लगेच स्वतःसाठी एक कप्पा मागितला.

"तुझ्याकडे साठवायला आहे काय?"

"सध्या काही नाही. कप्पा मिळाला की आपोआप होईल."

मग मुलीने दोन मागितले, भांडारप्रमुखांनी पदाला शोभतील म्हणून तीन मागितले, आणि आवाज चढले.

"बाजारात तुरी..." बायको म्हणाली आणि उरलेली म्हण तिने भांडी आवरताना पुरी केली.

शेवटी मुलीनेच आणखी एक शास्त्र सांगितलं. मोठ्या खोक्यात एक डिस्क राखीव ठेवतात. ती काहीही काम करत नाही. नुसती बसून असते, वीज खाते, आणि दुसरी कुणी मेली की तिच्या जागी रुजू होते.

सगळ्यांनी मेहुण्याकडे पाहिलं.

"बघा बघा. पण पद मंजूर झालं ना?" तो म्हणाला.

अशा रीतीने, एक जुन्या डिस्कसाठी धरून, आठ कप्प्यांची गरज सिद्ध झाली.

कप्पा तिसरा

दरपत्रकं मागवली. आठ कप्प्यांचा खोका ठेवणारी दुकानं दोनच निघाली, आणि नियम तीनचा. तेव्हा तिसरं दरपत्रक फर्निचरवाल्याकडून घेण्यात आलं. त्याने 'आठ कप्पे, कुलुपासहित, पॉलिश फुकट' असा दर दिला, आणि तो सर्वांत कमी निघाला.

घोडं इथे अडलं. सर्वांत कमी दर डावलायचा तर कारण लागतं. भांडारप्रमुखांनी तुलनेचा तक्ता मांडला. त्यात कपाट आवाजाच्या निकषावर पहिलं आलं, वीजबचतीतही पहिलं आलं, आणि टिकाऊपणात त्याने दोन्ही खोक्यांना धूळ चारली. कपाटात फाइल ठेवता येते का, या प्रश्नावर भांडारप्रमुख प्रामाणिकपणे 'होय' लिहून बसले. त्यांच्या कार्यालयातल्या सगळ्या फायली कपाटातच होत्या.

"अहो, लोक हसतील," बायको म्हणाली.

"लोक चौकशी लावत नाहीत," ते म्हणाले.

कपाटाला वायर जोडायची जागा नाही, हे मुलीने दाखवून दिलं तेव्हा कुठे ते बाद झालं. फर्निचरवाला अपिलात गेला. म्हणजे घरी आला, चहा प्यायला आणि वायरीसाठी भोक पाडून द्यायला तयार झाला.

कप्पा चौथा (राखीव)

हा कप्पा रिकामा आहे. दुसऱ्या एखाद्या कप्प्यातल्या मजकुराला काही झालं, तर तो इथे हलवण्यात येईल. तोवर मेहुणा इथे बसेल.

कप्पा पाचवा (पहिल्याची प्रत)

"अहो, तेवढी फाइल उतरवून घेऊ या," बायको म्हणाली. "आईचा आवाज विसरायला होतोय मला. काल आठवून पाहिला, तर शेजारच्या बाईंचाच कानात आला."

"मला कळतं ग. पण सील आहे."

"तुम्हीच लावलंत ना? मग तुम्हीच काढा."

"फोडायला पंच लागतात."

"मी आहे की," मेहुणा म्हणाला.

"ती तुझीही आई. तुझे हितसंबंध गुंतलेत."

"मी?" मुलगी म्हणाली.

"तू तर व्हिडिओत चालतेस. तू लाभार्थी."

"मग तुम्ही?" बायकोने विचारलं.

"मी निर्णय देणारा अधिकारी. अधिकारी पंच कसा होईल?"

बायकोने कपाटाला कान लावला. टकटक आता थांबून थांबून येत होती, जिना चढणाऱ्या थकलेल्या माणसासारखी. ती कात्री घेऊन आली. भांडारप्रमुख कपाटासमोर उभे राहिले. ते चिडले नव्हते. उलट त्यांचा आवाज इतका मऊ होता, की तिला कात्री खाली ठेवावी लागली.

"एवढी एकच गोष्ट आहे तिची," ते म्हणाले. "घाईत काही चूक झाली तर? म्हणून तर सगळं रीतसर करतोय."

कप्पा सहावा

खोका आला. तो चौघांनी उचलला आणि टीव्हीच्या जागी ठेवला. टीव्ही मेहुण्याच्या खोलीत गेला, यावर मेहुण्याने हरकत घेतली नाही. पंखा असा घोंघावला की दारावरची बेल ऐकू येईना.

नव्या सात डिस्क ओळीने मांडल्या होत्या. आठवी जुनी. सील आता खोक्यासाठीच फोडायचं असल्याने पंचांची गरज उरली नव्हती.

मुलगी कॉलेजला निघता निघता ओरडली, "बाबा, जुनी बाहेरच ठेवा हं! मी आल्यावर बघते."

दार बंद झालं.

"बाहेर?" भांडारप्रमुख म्हणाले. "काल आलेल्यांना आत जागा, आणि इतकी वर्षं सेवा केलेली बाहेर? आमच्या भांडारात असलं चालत नाही."

जुनी डिस्क ज्येष्ठतेनुसार पहिल्या कप्प्यात बसली. नव्या तिच्यामागे. खोक्याला जोडलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर सूचना आली: 'सर्व डिस्क वापरासाठी तयार करायच्या का? त्यांवरील सर्व माहिती पुसली जाईल.'

भांडारप्रमुखांनी ती दोनदा वाचली. न वाचता त्यांनी आयुष्यात कशाला संमती दिली नव्हती.

"भाऊजी, सर्व म्हणतोय तो," मेहुणा म्हणाला.

"कुठलाही नवा नियम नव्यांसाठी असतो," भांडारप्रमुखांनी समजावलं. "जुन्यांना तो मागल्या तारखेपासून लागू होत नाही. हे साधं तत्त्व आहे."

आणि त्यांनी 'होय' दाबलं.

कप्पा सातवा

"अहो, आई कुठंय?" बायकोने पडद्याकडे बघत विचारलं.

"पहिल्या कप्प्यात."

"पहिला रिकामा आहे."

"मग प्रत असेल ना दुसरीकडे. बघ नीट."

प्रत होती. खोक्याने काम चोख केलं होतं. पहिल्यातला रिकामेपणा त्याने तंतोतंत इतरांत उतरवला होता. आता कुठलीही डिस्क गेली असती, तरी त्यातलं काहीही नष्ट होणार नव्हतं.

दुकानदार येऊन पाहून गेला. "नुसतं पुसलेलं नाही हो, वर दिवसभर शून्यं लिहिलीत त्याने," तो कौतुकाने म्हणाला. "फार इमानी खोका आहे."

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर भांडारप्रमुखांना खुलासा देता आला असता. ती मेहुण्याशेजारी जाऊन बसली.

"कशी हसायची रे ती?"

मेहुण्याने हसून दाखवलं.

"असं नाही. शेवटी श्वास आत ओढायची."

"ताई, तो खोकला होता."

"खोकला नव्हता!"

मुलीने तिसरंच हसून दाखवलं. तिघं तीन तऱ्हांनी हसत राहिले, आणि एकाचंही दुसऱ्याशी जुळेना. भांडारप्रमुख दारात उभे होते. व्हिडिओ त्यांनीच काढला होता. पण त्या वेळी त्यांचं सगळं लक्ष हात हलू नये याकडे होतं, त्यामुळे त्यांना काहीच सांगता आलं नाही.

कप्पा आठवा

हल्ली इमारतीतले लोक खोका बघायला येतात. आठ हिरवे दिवे लुकलुकताना पाहून लहान मुलं गप्प होतात. मोठी माणसं मागे वाकून कंपनीचं नाव आणि क्रमांक टिपून घेतात. पंख्याचा आवाज किती, वॉरंटी किती, पाच कप्प्यांचा चालेल का, हे सगळं विचारतात. आत काय आहे, हे अजून कुणी विचारलेलं नाही. भांडारप्रमुख सगळ्यांना शांतपणे उत्तरं देतात. वरच्या मजल्यावर तर दरपत्रकंही मागवली गेली.

आता तुमचं. इथवर वाचलंत, हळहळलात, पण मनात एक शंका राहिलीच आहे: मग नेमका कुठला खोका घ्यावा? ते शोधायला तुमचा हात फोनकडे गेलासुद्धा. त्याच फोनकडे, ज्यात तुमच्या आईचा आवाज एकुलता एक पडून आहे. त्याची प्रत तुम्ही काढणारच आहात. फक्त एकदा चांगलासा खोका ठरू दे.