वाताला माणसाळवताना

"पंधरा दिवस!" मी छाती काढून म्हणालो. "पंधरा दिवसांत हे पिल्लू माझ्या मांडीवर येऊन झोपलं नाही, तर दुकानाची पाटी उतरवीन!"

"पाटी एकाच खिळ्यावर लोंबकळतेय," फुसाए म्हणाली. "तुमच्याआधी तीच उतरेल."

फुसाए म्हणजे माझी बायको. माझ्या प्रत्येक घोषणेला टाचणी लावायचं काम ती एकतीस वर्षं बिनचूक करत आली आहे!

आमचं दुकान गाद्या-रजयांचं. जपानातल्या ओनोमिची बंदराच्या चढावर, पायऱ्यांच्या पहिल्या वळणाला. दारातून आत पाऊल टाकलं की माणसाला जांभई येते. चारी बाजूंना कापूस, त्यामुळे आवाज आत शिरताशिरताच मऊ होतात. धुकं असलं की खालच्या फेरीबोटीचा भोंगासुद्धा कोणीतरी तोंडावर उशी धरून वाजवल्यासारखा येतो. अशा जागी मांजराचं पिल्लू काय, वाघ आणून सोडला तरी दुपारपर्यंत पाय वर करून लोळायला लागेल, असं मला वाटत होतं.

पिल्लू दिलं शेजारच्या नागे-सान बाईंनी. त्यांचं फुलांचं दुकान आहे. पण फुलं विकण्यापेक्षा बेवारस मांजरं गोळा करून त्यांना घरं शोधून देणं हाच त्यांचा खरा उद्योग. हे पिल्लू त्यांना मासळीबाजारातल्या खोक्यांमागे सापडलं होतं. चार महिन्यांचं, पांढरंशुभ्र, आणि डोळे असे की आपणच त्याचं काहीतरी चोरलंय!

"इमादा-सान, पंधरा दिवस बघा," नागे-सान म्हणाल्या. "सोळाव्या दिवशी चार वाजता मी येणार. पिल्लू घाबरलेलं दिसलं तर परत घेऊन जाणार. मग रडायचं नाही."

"रडतोय कोण?" मी म्हणालो.

पण खरं सांगू का, मुलगी लग्न होऊन साप्पोरोला गेल्यापासून आमच्या घरात दुपारी घड्याळाशिवाय कोणी बोलत नव्हतं. पिल्लू आलं त्या दिवशी फुसाए स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, लवकर या! याने माझा मासा पळवला!" आणि इतकं हसली की मी हातातली सुई तशीच धरून ऐकत राहिलो. त्यामुळे पिल्लू परत गेलं असतं तर रडायला कोणीतरी लागलंच असतं.

नाव ठेवलं वाता. आमच्याकडे कापसाला वाता म्हणतात. आणि आठवड्याभरात तिने मला खरोखरच वात आणला! सहा उशा फाडल्या. पडद्यावर चढून तिथेच लोंबकळत राहिली, निषेधाच्या फलकासारखी! मी हात पुढे केला की हाताला ओरखडा, पाय पुढे केला की पायाला. माझे दोन्ही हात पाहून न्हाव्याने विचारलं, "गुलाबाची बाग घेतली का?"

"तुम्ही तिच्यामागे धावता, तिथेच चुकतं," नागे-सान कुंपणावरून म्हणाल्या. "तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. बघितलंच तर डोळे हळूहळू मिटायचे, हळूहळू उघडायचे. मांजराच्या भाषेत त्याचा अर्थ, माझा तुझ्यावर विश्वास आहे. नाहीतर सरळ तिच्याजवळ आडवं व्हा आणि झोपल्याचं सोंग घ्या. येईल आपणहून."

झालं! मी डोळे मिटायचा सराव सुरू केला. वाता सगळ्यात वरच्या फळीवर बसायची आणि मी खालून तिच्याकडे पाहत संथपणे पापण्या पाडायचो, उचलायचो, पाडायचो. दहा मिनिटांत मलाच समाधी लागायची.

अशाच एका समाधीत हिसानो आजी दुकानात आल्या.

हिसानो आजी चढाच्या अगदी टोकाला एकट्या राहतात. त्यांना अठ्ठ्याऐंशी पूर्ण होणार होती. आमच्याकडे त्या वाढदिवसाचा मोठा मान. ओसाकातल्या मुलाने फोनवरून आमच्याकडे नवी रजई भरायला सांगितली होती आणि आजी अभ्र्याचं कापड पसंत करायला आल्या होत्या. अख्ख्या चढावरची मांजरं त्यांच्या खराट्याला ओळखून होती. त्यांच्या अंगणातून मांजर जात नसे. शेपूट पोटात घालून लांबून वळसा घेत असे.

आजी नेमक्या वाताच्या फळीखाली उभ्या राहिल्या. मला त्या दिसल्याच नाहीत. मी आपली प्रेमाने पापणी पाडली. उचलली. पुन्हा पाडली.

"इमादा!" आजी कडाडल्या. "डोळे कोणाला मारतोस?"

"अं? नाही आजी, मी मांजराला..."

"मला मांजर म्हणतोस?"

"तुम्हाला नाही हो! वर बघा, वर!"

त्यांनी वर पाहिलं. वाता तेवढ्यात गाठोड्यामागे सरकली होती. फळीवर फक्त एक उशी होती.

"उशीला डोळे मारतोस," आजी थंडपणे म्हणाल्या. "बायकोला डॉक्टरकडे न्यायला सांग. आणि माझ्या रजईत मांजराचा एक केस जरी निघाला ना, तर रजई तुझ्या डोक्यावर आणून टाकीन!"

संध्याकाळपर्यंत गोष्ट चढभर झाली. कोणी म्हणे, इमादाने आजींना डोळा मारला. कोणी म्हणे, नाही, त्याला अर्धांगाचा झटका आला. दुसऱ्या दिवशी तिघांनी फळं आणून दिली. फुसाएने ती शांतपणे ठेवून घेतली आणि मला एक संत्रं सोलून दिलं. "खा. आजारी माणसाने खावं."

सोळावा दिवस उजाडला. बाहेर धुकं असं दाटलं होतं की पायऱ्या चार दिसत होत्या आणि पाचवी नुसती मनातल्या मनात होती. आजींचा वाढदिवसही नेमका त्याच दिवशी, आणि रजई दुपारी दोनपर्यंत पोचवायची होती. कापूस पसरून झाला होता, निळा अभ्रा चढवून झाला होता, एक बाजू तेवढी शिवायची राहिली होती. पण नागे-सान चारला येणार आणि वाता अजून फळीवरच! शेवटचा उपाय म्हणून मी रजईशेजारी आडवा झालो आणि झोपल्याचं सोंग घेतलं.

सोंग इतकं चांगलं वठलं की मी झोपलो.

मला स्वप्न पडलं. मी फेरीबोटीवर होतो, पण खाली पाणी नव्हतं, कापूस होता. लाटा फुटत होत्या आणि आवाज होत नव्हता. माझी मुलगी लहान होऊन कठड्याशी उभी होती आणि म्हणत होती, बाबा, हात घाला, ऊन आहे. मी हात घातला तर खरंच, आत ऊब होती.

"अहो!" फुसाएचा आवाज आला. "दीड वाजला! रजई?"

मी धडपडत उठलो. दाभण घेतलं, दोरा ओवला, अर्धा अजून त्या बोटीवरच होतो. उघडी बाजू लांब लांब टाक्यांनी भराभर शिवून टाकली. मध्यभागी एक फुगवटा वाटला, थापटला तर मऊ आणि कोमट. मी म्हटलं, वा, काय कापूस पिंजलाय! स्वतःचीच पाठ थोपटली, रजई दोरीने पाठीवर बांधली आणि पायऱ्या चढू लागलो.

चढावर मोटार जात नाही. सगळं पाठीवरूनच न्यावं लागतं. धुक्यात मी, पाठीवर ढग, आणि पुढे आणखी ढग! अर्ध्या वाटेवर पाठीत कसलीतरी बारीक थरथर जाणवू लागली. घुर्र, घुर्र, घुर्र. मला वाटलं, खाली फेरीबोट सुटली. मग वाटलं, माझा रक्तदाब! थांबून श्वास घेतला. थरथर चालूच. पण तिने भीती वाटेना, उलट इतकं बरं वाटत होतं की मी आणखी दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. मनात आलं, मरण असं येत असेल तर हरकत नाही.

आजींनी रजई घेतली, बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "जड आहे."

"उत्तम कापूस जडच असतो, आजी," मी म्हणालो आणि घाईने उतरलो.

घरी आलो तर फुसाए दारात. "वाता कुठेय?"

फळीवर नाही. पडद्यावर नाही. कपाटामागे नाही, तांदळाच्या डब्यामागे नाही. मी चारी पायांवर होऊन "वाता, वाता" करत दुकानभर फिरलो. चार वाजले. नागे-सान दारात.

"कुठेय आमची मुलगी?"

"शू!" मी ओठांवर बोट ठेवलं. "झोपलीय!" आणि कोपऱ्यातल्या पांघरुणाकडे बोट दाखवलं. पांघरुणाखाली मी नुकतीच घाईने एक गरम पाण्याची पिशवी सरकवून ठेवली होती. ही अक्कल मला कुठून सुचली, विचारू नका!

नागे-सान हळूच वाकल्या. पांघरुणावर हात ठेवला. त्यांचा चेहरा विरघळला. "अगं बाई, किती गरम! किती गाढ झोपलीय! इमादा-सान, मी तुम्हाला उगाच..."

पिशवीने तेवढ्यात 'गुडूक' असा आवाज केला.

"पोट बिघडलंय का हिचं?" नागे-सानांनी काळजीने विचारलं आणि पांघरूण उचललं.

 फुसाए माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत राग असता तर चाललं असतं. पण तिचे डोळे भरले होते. "बाहेर गेली असेल," ती म्हणाली. "या धुक्यात. एवढीशी."

मी चपला शोधत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"इमादा!" हिसानो आजी होत्या, पण आवाज वेगळाच होता, लांबून, गोड झोपेतून आल्यासारखा. "ही रजई घुरघुरतेय."

माझ्या हातातला फोन जड झाला. मी फुसाएकडे पाहिलं, नागे-सानांकडे पाहिलं. मग त्या फुगवट्याची आठवण झाली, ज्याला मी थापटलं होतं!

पायऱ्या आम्ही तिघं कशा चढलो ते आठवत नाही. नागे-सान पूर्ण चढभर एकच वाक्य बोलत होत्या. "मी तुम्हाला मांजर सांभाळायला दिलं होतं, भरायला नव्हे!"

आजी ओसरीत आडव्या होत्या. अंगावर निळी रजई, समोर धुक्यात विरघळलेलं अंगण. त्यांनी आम्हाला हातानेच गप्प केलं.

"ऐका," त्या कुजबुजल्या.

घुर्र, घुर्र, घुर्र.

"पोराला यायला जमलं नाही," आजी म्हणाल्या. "सकाळी फोन केला, दोन मिनिटं बोलला. मग ही आली. दोन तास झाले, बोलतेय माझ्याशी. काय बोलते कळत नाही, पण थांबत नाही."

 मी गुडघे टेकून बसलो आणि माझेच टाके एकेक करून उसवले.  आतून आधी एक कान आला, मग कापूस चिकटलेलं तोंड. वाताने आमच्याकडे पाहिलं. एवढी जांभई दिली की घशापर्यंत दिसलं. मग ती बाहेर आली, आजींच्या पोटावर दोनदा गोल फिरली आणि तिथेच वेटोळं करून झोपली!

खराटा भिंतीला टेकून उभा होता. आम्ही तिघंही त्याच्याकडेच बघत होतो.

"मांजर!" आजी म्हणाल्या.

"हो आजी," मी म्हणालो.

"माझ्या रजईत तू अख्खं मांजर घातलंस."

"हो आजी."

"मी केसाबद्दल बोलले होते."

नागे-सान पुढे झाल्या. "मी हिला घेऊन जाते. या माणसाच्या हातात आता मुंगीसुद्धा देणार नाही!"

"नेऊ नका," फुसाए म्हणाली. एवढंच. पण माझी ही बायको, जी कोणापुढे काही मागत नाही, तिने पदर पसरावा तसे दोन्ही हात पुढे केले होते.

"कोण नेतंय बघते!" आजी गरजल्या. वाताने एक डोळा उघडला, तशा त्या लगेच हळू आवाजात म्हणाल्या, "रजई माझी. आत जे निघालं ते माझं. फार तर रात्री तुमच्याकडे ठेवा, दुपारी वर आणून द्या. आणि आणायला फुसाएला पाठवा, डोळे मारणाऱ्याला नको!"

नागे-सानांनी त्या झोपलेल्या गोळ्याच्या कानावरचा कापूस टिपला. मग नाक पुसून म्हणाल्या, "रोज येऊन बघीन."

तेव्हापासून रोज दुपारी फुसाए वाताला टोपलीत घालून वर नेऊ लागली. तासाभरात परत येते म्हणायची आणि दिवेलागणीला यायची. दोघी काय बोलतात, मला कधी कळलं नाही. पण रात्री जेवताना फुसाए एकटीच आठवून हसायची.

आणि मी? मला वाता तेव्हाही ओरखडायची. मी हरलो नाही! कोणत्या वेळी कसं बसलं, कोणता मासा दिला, आवाज किती खाली ठेवला, सगळं वहीत लिहीत गेलो. दोन वर्षांत तीन वह्या भरल्या. तिसरी वही संपत आली तेव्हा शरदातल्या एका दुपारी वाता फळीवरून उतरली, संथ चालत माझ्याकडे आली आणि माझ्या मांडीवर बसली!

मी श्वास रोखला. पाय बधिर झाला तरी हललो नाही. गिऱ्हाईक आलं, त्याला खुणेनेच उद्या यायला सांगितलं. नागे-सान कुंपणावरून डोकावल्या तेव्हा मी विजयी वीरासारखा नुसता मांडीकडे बोट दाखवून हसलो.

"बसली का?" त्या म्हणाल्या. "दोन वर्षांची झाली ना! या वयात सगळ्याच शांत होतात. काही करावं लागत नाही."

तीन वह्या! मी काही बोललो नाही. बोललो असतो तर वाता उठली असती.

पण पाच मिनिटांनी ती उठलीच. वीतभर पुढे जाऊन जमिनीवर बसली. मग माझ्या ध्यानात आलं की माझ्या मांडीवर मघाशी ऊन पडलं होतं आणि आता ते वीतभर पुढे सरकलं होतं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मीही बसल्या बसल्या वीतभर पुढे सरकलो. ती पुन्हा मांडीवर आली. ऊन सरकलं, मी सरकलो. संध्याकाळी फुसाए मला शोधत आली तेव्हा मी दुकानाच्या बाहेर, नागे-सानांच्या शेवंतीच्या कुंड्यांमध्ये बसलेला होतो.

"इथे काय करताय?" तिने विचारलं.

"शू," मी म्हणालो. "ही मला सोडायला तयार नाही."