पास्कूकाकांचा रोमन व्हिला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोला तर नाहीच: शुक्रवारी संध्याकाळी मी जिमला म्हणून निघतो आणि शेजारच्या पास्कूकाकांकडे बसून रोमन लोकांची शेती ऐकतो.

पास्कूकाका वसईचे, एका हॉस्पिटलचं स्टोअर सांभाळायचे. इथे आखातात, अल गराफातल्या एकाच व्हिलाच्या दोन तुकड्यांत आम्ही राहतो. मालकाने मध्ये भिंती घालून तो भाडेकरूंना वाटून दिलाय. काकांना तो शब्दच खपत नाही.

"व्हिला म्हणे. खळं कुठाय? गोठा कुठाय? रोमन माणूस हसेल. व्हिला म्हणजे अख्खी शेती, माणसांसकट. हे खुराडं."

मालकालाही त्यांनी हे ऐकवलं. तो "इन्शाल्ला" म्हणाला. गोठा अजून आलेला नाही.

गच्चीवर काकांनी औषधांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून छोटासा रोमन व्हिला उभारलाय, रोमपासून लांब, कुठल्याशा प्रांतातला. कोठार, द्राक्षं तुडवायचा हौद, अंगण. एकदा बघतो तर त्यातल्या मांडवावर वसईसारखी केळ्यांची सुकेळी वाळत घातलेली.

"काका, रोमन लोकांकडे सुकेळी?"

"प्रांत आहे बाबा हा. रोमला कोण विचारतंय? जे पिकतं ते पिकवायचं."

"आणि हे पायऱ्यांचं तळं?"

"बावखल. आमच्या वाडीत आहे तसंच. लहानपणी त्यात पडलो, तर धाकट्या भावाने ओढून काढलं. आता तोच वाडी बघतो."

मागच्या सुट्टीत मी निघालो तेव्हा म्हणाले, "मुंबईत उतरलास की वसईला जाऊन ये. बावखलात पाणी किती आहे, तेवढं बघ. धाकटा फोनवर नीट सांगत नाही."

मी गेलो. बावखल बुजवलेलं, वर फरशी, फरशीवर गाड्या. धाकट्या भावाने चहा दिला, पण नजर दिली नाही. "दादाला तुम्हीच सांगा," एवढंच म्हणाला.

परतलो तर काका दारातच.

"पाणी?"

"आहे," मी म्हणालो. "वरच्या पायरीपर्यंत."

ते थेट गच्चीवर गेले आणि पुठ्ठ्याच्या तळ्यात वरच्या पायरीपर्यंत निळा रंग भरला.

आता त्यांनी नोकरी सोडलीय. पुढच्या महिन्यात कायमचे वसईला चाललेत, केळी लावायला. परवा म्हणाले, "तू डोळ्यांनी बघून आलास, म्हणून धीर झाला."

ते विमानात बसायच्या आत मला त्यांना खरं सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.