आप्पा मध्येच थांबले

लोहाऱ्यात त्या सकाळी नळाला पाणी येऊन गेलं आणि गल्लीला पत्ताच लागला नाही, कारण सिद्रामप्पा बोलता बोलता थांबले.

सिद्रामप्पांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांची सकाळची हाक मुलगा महांतेश याने एकदा गमतीने मोबाइलवर धरून ठेवली होती. ते गेल्यावर घर फार मुकं झालं, तेव्हा त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. पाण्याच्या दिवशी लॅपटॉपच्या स्पीकरमधून आप्पा गरजत, "शिवकांता, ऊठ. पाणी आलंय. का तुज्या माहेरची मान्सं येनार हायेत घागरी भरायला?" पूर्वी आडावरचा रहाट कुरकुरला की बायका उठत. आता गल्ली या हाकेवर उठे.

आदल्या दिवशी महांतेश त्याच लॅपटॉपवर कंपनीच्या प्रोग्राममधली चूक शोधत होता. त्याच्या डीबगरमध्ये चालता प्रोग्राम हवा तिथे थांबवता येई. चूक तपासून झाली की 'पुढे चला'चं बटण दाबायचं. कोणत्या प्रोग्रामने कुठे थांबायचं हे ज्याचं त्याला वेगळं सांगायची सोय होती. घाईत त्याने 'दर पायरीला थांब' हे सगळ्याच प्रोग्रामना सांगून टाकलं, आप्पांच्या हाकेलाही.

सकाळी आप्पा म्हणाले, "शिवकांता, ऊठ." आणि गप्प झाले.

पाणी गेल्यावर शेजारच्या चन्नम्मा दारात आल्या. तोंड सांत्वनाला आल्यासारखं.

"महांतेश, आप्पा आज फुडं बोलले न्हाईत. बरं हाय न्हवं त्यांचं?"

"मावशी, त्यांना जाऊन वरीस झालं."

"ते म्हाईत हाय रे. पर आज काय झालं?"

महांतेशने चूक सांगितली.

"एकाला सांगितलं आन् सगळ्यांनी ऐकलं?" चन्नम्मा उसासल्या. "आमच्या घरी एक बी ऐकंना."

महांतेश ओशाळून आत गेला. त्याची आई शिवकांताबाई बाजेवर बसून होत्या. डोळे ओले होते.

"अव्वा, चुकलं माझं. आता आप्पांचं वेगळं करतो. कुठंच थांबणार न्हाईत."

"थांबू दे की."

"आँ?"

"चाळीस वर्सं संसार केला. त्या मान्सानं मला तोंड उघडायला जागा ठिवली न्हाय. आज पयल्यांदा थांबले." त्यांनी पदराने डोळे टिपले. "म्या बी थोडं बोलून घेतलं."

"अन् मावशीचं पाणी?"

"'पाणी आलंय' म्हनू दे. मंग थांबव. फुडचं बटन म्या दाबते."

महांतेशने आप्पांच्या प्रोग्रामची वेगळी खिडकी उघडली आणि तसं नेमून दिलं.

पुढच्या पाण्याला आप्पा म्हणाले, "शिवकांता, ऊठ. पाणी आलंय." गल्लीत भांडी वाजू लागली. दाराआडून महांतेशला अव्वाचा हलका आवाज येत होता. जोंधळ्याचं, गुडघ्याचं, तिकडं जेवता का न्हाई, असं काहीबाही. मध्येच एक जुनं भांडणही निघालं.

नळ गेला. बटण दाबायची शिवकांताबाईंना अजून काही घाई दिसत नव्हती.