सूप खात्याच्या निरीक्षकाची वही

डिंक सुकेपर्यंत वही घट्ट दाबून ठेवायला काहीतरी हवं होतं, म्हणून कुरामोचीने ती गल्लीच्या सूचना घेऊन घरोघर फिरणाऱ्या फाइलीच्या चिमट्यात अडकवली आणि दाढी करायला गेला. तुकतुकीत गाल घेऊन परत आला, तर फाइल गायब.

"नोबुए, इथली फाइल कुठंय?" त्याने बायकोला विचारलं.

"वाचल्याचा शिक्का मारला आणि शेजारच्या ओगिवाराबाईंच्या फाटकाला अडकवून आले. तीन दिवस आपल्याकडेच लोळत होती. पुढच्या घरी नको जायला?"

"तू... वाचलीस सगळी?"

"कचऱ्याचे वार वाचले. आणखी काय असतं त्यात?"

आणखी बरंच होतं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा हा गृहस्थ दोन महिने त्या वहीवर खपला होता. चहात बुडवून पिवळी केलेली पानं, सुईदोऱ्याने शिवलेली पाठ, खोडरबर कोरून केलेला सरकारी शिक्का. नव्वद वर्षांपूर्वी 'सूप खात्या'चा एक गुप्त निरीक्षक या गल्लीत आला, घरोघर मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप प्याला, चित्रं काढली आणि दहापैकी मार्क दिले, अशी सगळी थाप. वही जुन्या पुस्तकांच्या दुकानात गुपचूप सरकवायची आणि समोर कॉफी पीत कोण फसतं ते बघायचं, असा बेत. चोपन्नाव्या वर्षी माणसाने यापेक्षा बरं काही करू नये असं थोडंच आहे?

गल्लीतल्यांची नावं त्याने बदलली होती. पण छपरं, कुत्री, खिडकीतल्या कुंड्या अगदी हुबेहूब. आणि शेवटच्या पानावर स्वतःचं घर: 'दहापैकी दोन. भांडी विसळलेलं पाणी, वर टोफू तरंगतोय.' हे पान नोबुएच्या नजरेला पडलं, तर उरलेलं आयुष्य पाकिटातल्या शेवयांवर काढावं लागणार होतं.

तरी तो फार घाबरला नाही. ही फाइल एका घरातून हलायला दोन दिवस घेते, हे त्याला ठाऊक होतं. तो शेजारी गेला, तर ओगिवाराबाई दारातच उभ्या होत्या.

"या, निरीक्षकसाहेब!"

"कोण निरीक्षक? मी आपला फाइल..."

"माझ्या फाटकावरचा 'कुत्र्यापासून सावध' तुम्हीच रंगवलात ना? तोच कुत्रा वहीत बसलाय, तसाच तिरळा. आणि माझ्या सूपला अडीच? सत्त्याहत्तर वर्षांची झाले मी! बसा. प्या. मार्क वाढवा."

"फाइल कुठंय, काकू?"

"पुढं दिली. तात्सुमीला नऊ दिलेत, त्याला नको कळायला?"

वाटी रिकामी करून, साडेआठ कबूल करून तो न्हावी तात्सुमीकडे पोचला.

"नऊवाल्याचं सूप न पिताच जाताय? शोभतं का?"

"तात्सुमीसान, घाईत आहे हो, फाइल..."

"ती गेली की! पलीकडच्याला तीन मिळालेत. मी स्वतः नेऊन दिली, उघडून दाखवली. काय तोंड झालंय त्याचं!"

असं सगळीकडे. जन्मात कधी न पळालेली फाइल आज सुसाट सुटली होती, कारण प्रत्येकाला शेजाऱ्याचे मार्क शेजाऱ्याच्या तोंडावर वाचायचे होते. आणि कुरामोची मात्र घरोघरी एकेका वाटीपाशी अडकत होता. सहाव्या घरी शिंपल्यांचं सूप, सातव्या घरी मुळ्याचं. नवव्या घरून निघाला तेव्हा चालताना पोटातून डुचमळल्याचा आवाज येत होता, आणि आयुष्यभर इतरांना हसणाऱ्या माणसाला बघून कुत्रीसुद्धा बाजूला होत होती.

शेवटचं घर गल्लीच्या अध्यक्षांचं, मियाशितांचं.

"फाइल? ती गल्लीतल्या बायका तुमच्याकडेच घेऊन गेल्या," मियाशिता हळू आवाजात म्हणाले. "दोन मार्क म्हणजे जरा अतीच झालं, कुरामोचीसान. तुमच्या मिसेसना धीर द्यायला गेल्यात सगळ्या."

कुरामोचीला पळायचं होतं, पण सूप पळू देईना. घरी पोचला तर दारात बायकांच्या चपलांचे आठ जोड. आत मधोमध नोबुए, मांडीवर उघडी वही, भोवती मिसोच्या पुड्या, सुक्या मासळीची पाकिटं आणि "बिचारी, बिचारी" असं चाललेलं.

"नोबुए, ही नुसती गोष्ट आहे गं. सगळं खोटं."

"खोटं कसं? किती नेमकं लिहिलंयत." तिने पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "तारीखसुद्धा आहे. चौदा नोव्हेंबर."

तारखा कुरामोचीने खऱ्याच घातल्या होत्या. इतरांचे मार्क मनाने ठोकले, पण आपल्या घरचे त्याने महिनाभर रोज चव घेऊन टिपून ठेवले होते आणि त्यातला सगळ्यात वाईट दिवस निवडून वहीत उतरवला होता. कलाकार म्हटला की एवढं इमान हवंच.

"चौदाला मी नागानोला ताईकडे होते," नोबुए म्हणाली. "दोन दिवस. त्या सकाळी सूप कोणी केलं होतं, अहो?"

सगळ्याजणी कुरामोचीकडे वळल्या.

मग ओगिवाराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, नोबुएपुढची आपली मिसोची पुडी उचलली आणि त्याच्या हातात ठेवली.

"उद्या सकाळी सहाला माझ्याकडे या," त्या म्हणाल्या. "आधी पातीचा कांदा चिरायला शिकू."