विश्वचषकाच्या कमाईची व फायनल कोंबड्याची हकिकत

श्री ग्रामदेव समर्थ. जोयडे तालुक्यात कुंभारवाडा म्हणोन अरण्यमुलूख, तेथील राजश्री झिलूराव यांजवर विश्वचषकाचे साली करवसुलीचे जे संकट गुदरले, ते ज्यांनी डोळां पाहिले आणि ज्यांनी भाताशी कालवोन खाल्ले, त्यांचे साक्षीने लिहिले असे. कमीजास्त असल्यास मीठ आमचे, रस्सा त्यांचा.

क्रिकेटाचे महायुद्ध पेटले आणि ऐन मोक्यास रानात झाड पडोन विजेची तार तुटली, अवघा मुलूख अंधारात बुडाला. लग्नकार्यास भाड्याने द्यावयाचा जनरेटर एकट्या झिलूरावांचे पदरी. मग त्यांनी अंगणात टीव्ही मांडोन, डिझेलखर्चाकरिता माणशी नजराणा घ्यावा ऐसा हुकूम काढिला. नगद आणणारे थोडके. कोणी सुरण आणिला, बहुतेकांनी कोंबडी आणिली, आणि खुराडे भरोन वाहू लागले. परंतु सौभाग्यवती केशरबाई यांचा कायदा निराळा. अंगणी बसला तो पाहुणा, आणि पाहुणा जेवल्यावाचोन उठता नये. मग सामन्यागणिक कोंबड्या कामास येवो लागल्या, आणि झिलूराव खासगीत रागे भरले की हा व्यापार आहे, अन्नछत्र नव्हे. बाईंनी ऐकोन घेतले आणि वाटण वाटावयास बसल्या.

अंतिम सामन्याचे रोजी शेजारचे महाबळेश्वरराव, ज्यांशी शेताच्या बांधावरोन जुने वैर, तेही मान खाली घालोन आले आणि आपला लाल तुऱ्याचा उंचापुरा कोंबडा नजर केला. झिलूरावांस किल्ला फत्ते जाहल्याचा आनंद जाहला. त्यांनी कोंबड्यास 'फायनल' ऐसा किताब बहाल केला, आणि यास सुरी लावू नये ऐसी सक्त ताकीद मुदपाकखान्यास दिली.

सामना संपला आणि महाबळेश्वररावांनी वाडीभर आवई उठविली की वरकमाईवर सरकारचा कर बसतो, आमदनी वाढली की रेशनकार्ड कापितात. हे ऐकोन झिलूरावांची पाचावर धारण बसली. त्यांची सालाची आमदनी कार्डाच्या मर्यादेस आधीच टेकलेली, आणि पावसाळा सारा त्याच तांदळावर निघे. मग रामनगरचे करसल्लागार प्रवीणराव यांस पाचारण जाहले. ते जीपने धक्के खात दाखल जाहले आणि अंगणात दरबार भरला. महाबळेश्वररावही तमाशा पाहावयास येवोन बसले.

प्रवीणरावांनी फर्माविले की नोटा येवोत की पिसे येवोत, धंद्यात आले ते उत्पन्न. त्याची बाजारभावे किंमत धरावी. मात्र धंद्यापायी गेले ते वजा पडेल, आणि उरेल ते सालाच्या आमदनीत मिळवावे. डिझेल मांडले, त्यात नगद सारी वजा गेली. मग कोंबड्या कोठे गेल्या ऐसे पुसले. पोटात, ऐसा जबाब आला. साक्ष कोणाची, ऐसे पुसताच अवघा दरबार महाबळेश्वररावांकडे पाहो लागला, कारण वैरापायी आपण न येता त्यांनी दर सामन्यास थोरल्या चिरंजीवास धाडिले होते, आणि अंतिम सामन्यास स्वतः दोनदा रस्सा मागितला होता.

केशरबाई स्वयंपाकघराच्या दारातोन आवाज न चढविता म्हणाल्या, "भावोजी, माझ्या अंगणातनं तुमच्या घरचं कोन एक दिस तरी उपाशी गेलं काय?"

महाबळेश्वररावांनी आधी जमीन पाहिली, मग आभाळ पाहिले. वैर खरे, परंतु खाल्ल्या अन्नाविषयी खोटे बोलणे त्या मुलखात कोणास साधत नाही.

"न्हाई वयनी," ते म्हणाले. "समदी पोटभर जेवलो."

मग सुरणही रस्श्यात गेल्याचे सिद्ध जाहले आणि शेष शून्य आले. झिलूरावांनी सुटकेचा श्वास सोडिला, तोच माळ्यावर डालग्याखाली दडविलेल्या फायनलाने बांग दिली.

प्रवीणरावांनी पेन थांबविले आणि वर पाहिले. झिलूरावांच्या तोंडचे पाणी पळाले. एकीकडे पावसाळ्याचा तांदूळ, दुसरीकडे जन्मात एकवार हाती आलेली फत्ते. तेव्हा केशरबाईंनी दरबारास जाहीर केले की तो सल्लागारांचे मेहनतान्याचा, धंद्याच्याच खर्चातला. मसाला सकाळीच भाजोन ठेविला आहे.

झिलूरावांनी स्वहस्ते फायनलास खाली उतरविले, तुऱ्यावरोन एकवार बोट फिरविले आणि पाठ फिरवोन उभे राहिले.

पंगत बसली. महाबळेश्वररावांसही पान मांडिले. झिलूरावांस पहिला घास उतरेना. मग उतरला, आणि डोळे पुसोन त्यांनी रस्सा मागितला. केशरबाईंनी तो त्यांस सर्वांआधी वाढिला. प्रवीणराव मांडीचे हाडूक चोखीत असता एकाएकी थबकले, कारण मेहनताना नोटांचा असो की पिसांचा, तो घेणाराचे उत्पन्न, हा आपलाच हुकूम त्यांस आठवला.

येणेप्रमाणे जमा होते ते खर्ची पडले, रेशनकार्ड कायम राहिले, आणि फायनल नामे कोंबडा रामनगरचे हिशेबी वर्ग जाहला. फत्ते केशरबाईंची, ऐसे झिलूरावांनी हात धुता धुता सर्वांसमक्ष कबूल केले, सबब लिहोन ठेविले असे.